संघ हरायला लागला की जुने खेळाडू विकावेत का? कब्सचा जुलै २०२१ आणि त्यानंतरची चार वर्षं

मंदार_शिकागो

अँथनी रिझोने २०२५ च्या सप्टेंबरात निवृत्ती घेतली आणि ती शिकागो कब्स या बेसबॉल संघाचा खेळाडू म्हणून घेतली. त्या बातमीवरून दुसऱ्या धाग्यावर, कब्सने जुलै २०२१ मध्ये आपले जुने खेळाडू विकले ते बरोबर होतं का, हा वाद पुन्हा पेटला. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी आधी थोडंसं. अमेरिकेत हंगाम चालू असताना संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. त्याला ट्रेड म्हणतात आणि त्याची मुदत जुलैच्या अखेरीस संपते (२०१९ पूर्वी काही ट्रेड ऑगस्टमध्येही होत). ज्यांच्या हातून हंगाम गेलेला असतो ते संघ आपले करार संपत आलेले अनुभवी खेळाडू जिंकणाऱ्या संघांना देतात. बदल्यात मायनर लीगमधली एकोणीस-वीस वर्षांची पोरं घेतात. त्यातलं एखादं पुढे मोठं होईल, ही आशा. खेळाडूला सहसा कोणी विचारत नाही. सकाळी एका शहरात, रात्री दुसऱ्या.

कब्सने २०१६ साली १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. शेवटचा बळी क्रिस ब्रायंटने चेंडू उचलून पहिल्या बेसवर रिझोकडे फेकला तो. पाच वर्षांनी, २४ जून २०२१ ला, याच संघाने लॉस एंजेलिसला डॉजर्सविरुद्ध चार पिचर (चेंडू टाकणारे) मिळून नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्यांना एकही हिट मिळू दिला नाही. तेव्हा ४२ विजय, ३३ पराभव, गटात बरोबरीने पहिले. दुसऱ्या दिवसापासून सलग ११ सामने हरले. २९ जुलैला रिझो यांकीजकडे गेला. ३० जुलैला बाएझ मेट्सकडे, ब्रायंट जायंट्सकडे आणि किंब्रेल आपल्याच शहरातल्या व्हाइट सॉक्सकडे. चोवीस तासांत २०१६ चा कणा गेला.

माझं मत मांडतो. विकायला हवेच होते. रिझो, बाएझ, ब्रायंट या तिघांचेही करार त्याच हंगामाअखेर संपत होते आणि संघ चांगला नव्हता. पण ते विकायला दीड वर्ष उशीर झाला. २०१८ ला ९५ सामने जिंकूनही गटाचं अजिंक्यपद एका जादा सामन्यात गेलं आणि वाइल्ड कार्डचा सामनाही, म्हणजे प्लेऑफ या बाद फेरीत टिकायची दुसरी संधी, गेला. २०१९ ला ८४ विजय. २०२० ला मार्लिन्सने दोन सामन्यांत घरी पाठवलं. उतार स्पष्ट दिसत होता. २०१९ च्या हिवाळ्यात ब्रायंटच्या करारात दोन वर्षं शिल्लक होती, तेव्हा त्याचं मोल कितीतरी जास्त असतं. दोन महिन्यांच्या ब्रायंटसाठी मिळाले कानारिओ आणि किलियन. दोघांपैकी एकही इथे रुजला नाही.

तुम्हाला काय वाटतं? फक्त कब्सबद्दलच लिहा असं नाही.

अनघा_ओकपार्क

मंदार, तू हिशोब मांडलास, पण सुरुवातच चुकीच्या जागेवरून केलीस. 'करार संपत होते' हे काही आभाळातून पडलेलं संकट नव्हतं. करार वाढवायचे की नाही हे कब्सच्याच हातात होतं. शिकागो हे देशातलं तिसरं मोठं शहर. २०२० मध्ये कब्सने स्वतःचं टीव्ही चॅनेल सुरू केलं. रिगली फील्ड या कब्सच्या मैदानाची तिकिटं देशातल्या सर्वांत महाग तिकिटांत मोडतात. टँपा बेसारख्या संघाने दर तीन वर्षांनी माणसं विकली तर समजू शकते, त्यांच्याकडे पर्याय नसतो. कब्सकडे होता.

आणि हे ३० जुलैला सुरू झालं नाही. त्याच्या आधीच्या डिसेंबरात यू दार्विशला सान डिएगोला देऊन टाकलं. काइल श्वार्बरला तर बदल्यात काहीही न घेता मोकळं सोडलं. तोच श्वार्बर फिलाडेल्फियाला जाऊन २०२२ मध्ये ४६, २०२३ मध्ये ४७ आणि २०२५ मध्ये ५६ होम रन मारतो. जून महिन्यात संघ पहिला होता तो दार्विश आणि श्वार्बर नसताना! ते दोघे असते तर ते ११ पराभव सलग झाले असते का? मालकांनी आधी संघ खिळखिळा केला आणि मग म्हणाले, संघ खिळखिळा आहे, विकून टाकू.

माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच्याकडे बाएझचा शर्ट होता. त्याने मला एकच प्रश्न विचारला, "त्याला जायचं होतं का?" मला उत्तर देता आलं नाही.

निखिल_सनीव्हेल

जायंट्सचा चाहता म्हणून लिहितो. ब्रायंट आमच्याकडे आला, आम्ही त्या वर्षी १०७ सामने जिंकले, तो उपयोगी पडला. पण पुढचं बघा. कोलोरॅडोने त्याला सात वर्षांसाठी १८.२ कोटी डॉलर दिले आणि तेव्हापासून त्याची पाठ त्याला खेळूच देत नाही. बाएझला डेट्रॉइटने सहा वर्षांसाठी १४ कोटी दिले. २०२५ मध्ये तो ऑल-स्टार झाला (वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला), आनंदच आहे, पण मधली वर्षं कशी गेली ते डेट्रॉइटवाल्यांना विचारा.

अनघाताई, करार वाढवले असते तर आज त्या पैशाचं ओझं कब्सच्या डोक्यावर असतं. खेळाडूला पैसे मिळतात ते त्याने आधी जे केलं त्याबद्दल, आणि संघाला मिळतं ते त्याचं पुढचं वय. एकोणतीस-तिशीतला खेळाडू सात वर्षांसाठी बांधणं हा जुगार आहे.

सुमेधा_के

बाकी सगळं मान्य. रिझोला तरी ठेवायचं होतं.

फिलीकाका

निखिलच्या मुद्द्याला जोड देतो, कारण न विकल्याने काय होतं ते आम्ही फिलाडेल्फियात भोगलं आहे.

२००८ ला वर्ल्ड सिरीज जिंकली. हॉवर्ड, अटली, रॉलिन्स, हॅमल्स, या चौघांवर शहराचा जीव. २०१० च्या एप्रिलमध्ये रायन हॉवर्डला पाच वर्षांचा साडेबारा कोटींचा करार दिला. तोही कसा, तर आधीचा करार संपायला दोन वर्षं शिल्लक असताना, म्हणजे नवा सुरू होणार २०१२ पासून. २०११ मध्ये आम्ही १०२ सामने जिंकलो. प्लेऑफमध्ये सेंट लुइसविरुद्ध शेवटच्या चेंडूवर हॉवर्ड पळताना कोसळला, टाचेची शीर तुटली. नवा करार सुरू व्हायच्या आधीच तो पूर्वीचा हॉवर्ड उरला नाही.

तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण नाही. २०१२ ला ८१ विजय, ८१ पराभव. 'दुखापती होत्या, पुढच्या वर्षी बघू.' २०१३ ला ७३ विजय. 'अजून एक वर्ष.' २०१४ लाही ७३. रॉलिन्स गेला २०१४ च्या डिसेंबरात, हॅमल्स जुलै २०१५ ला, अटली त्याच ऑगस्टमध्ये. हॅमल्सने तर जाण्यापूर्वीच्या शेवटच्या सामन्यात नो-हिटर टाकला, योगायोगाने रिगलीवरच. त्या वर्षी ९९ सामने हरलो.

आणि मग पुन्हा प्लेऑफ दिसायला २०२२ उजाडलं. २०११ ते २०२२. माझी थोरली तेव्हा शाळेत होती, ती नोकरीला लागली तेवढ्यात. मालकांनी प्रेमापोटी ठेवलं असं लोक म्हणतात, पण ते प्रेम नव्हतं. चाहते चिडतील या भीतीने निर्णय पुढे ढकलला. २०१२ च्या जुलैमध्ये हॅमल्स विकला असता तर काय मिळालं असतं याचा विचार आजही मनातून जात नाही. उलट त्याला तेव्हा नवा करार दिला, आणि तीन वर्षांनी त्याच कराराचा बोजा सोबत देऊन विकला.

प्रसाद_नाशिक

मी बेसबॉल पाहत नाही, पण धागा वाचतोय. खेळाडूला न विचारता विकतात हे पचत नाही. आयपीएलमध्येही ट्रेड होतात. हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईत आला आणि रोहितकडून कप्तानी गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि २०२४ ला मुंबई तळाला राहिली. पण आयपीएलमध्ये हरणारा संघ अर्ध्या हंगामात धोनीला विकतो आणि बदल्यात रणजीतली तीन पोरं घेतो, असं कोणी ऐकलंय का?

मंदार_शिकागो

@प्रसाद, चांगला मुद्दा. आयपीएलमध्ये तसं होत नाही याचं कारण भावना नाही, रचना आहे. तिथे दर तीन वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि सगळे संघ जवळपास नव्याने उभे राहतात. एकोणीस वर्षांचा पोरगा आज घेऊन त्याला पाच वर्षं वाढवायचं आणि मग त्याच्या भरात त्याला स्वस्तात खेळवायचं, हे तिथे शक्यच नाही. तो लिलावात निघून जाईल. इथे मायनर लीगमधला खेळाडू तुमचा असतो आणि मोठ्या संघात आल्यावरही साधारण सहा वर्षं तुमच्याकडेच राहतो. ती सहा वर्षं हेच इथलं खरं चलन.

याच नियमाचा कब्सने ब्रायंटवर कसा वापर केला तेही सांगतो. २०१५ च्या सुरुवातीला तो तयार होता, सराव सामन्यांत होम रन मारत होता. तरी त्याला पहिले काही दिवस आयोवात मायनर लीगमध्ये ठेवलं. हंगामात १७२ दिवस भरले की पूर्ण वर्ष धरतात. ब्रायंटचे भरले १७१. त्या एका दिवसामुळे तो कब्सकडे एक वर्ष जास्त अडकला. त्याने दाद मागितली, २०२० च्या सुरुवातीला निकाल विरुद्ध गेला.

आता संमतीबद्दल. एक नियम आहे. ज्याची मोठ्या लीगमध्ये दहा वर्षं झालीत आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात, तो ट्रेड नाकारू शकतो. आणि या नकारामुळेच कब्सला २०१६ मिळालं, असं मी म्हणेन. जुलै २०१२. संघ भयानक, त्या वर्षी १०१ पराभव. रायन डेम्पस्टर हा जुना, लोकप्रिय पिचर होता. त्याला अटलांटाला देऊन रँडल डेल्गाडो नावाचा तरुण पिचर घ्यायचं ठरलं होतं. डेम्पस्टर नाही म्हणाला. मुदत संपायच्या अगदी तोंडावर टेक्सासशी बोलणी झाली आणि तिथून जे दोघे आले त्यांतला एक होता काइल हेन्ड्रिक्स. ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) आठव्या फेरीत निवडलेला, डार्टमथ कॉलेजातून आलेला, चेंडूला वेग नसलेला मुलगा. २०१६ मध्ये त्याची धावांची सरासरी २.१३, अख्ख्या बेसबॉलमध्ये सर्वांत कमी. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्याची सुरुवात त्यानेच केली.

जेक आरिएटा जुलै २०१३ ला बाल्टिमोरकडून स्कॉट फेल्डमनच्या बदल्यात आला, सोबत पेड्रो स्ट्रॉपही. २०१५ ला २२ सामने जिंकून साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मिळवला. अ‍ॅडिसन रसेल जुलै २०१४ ला समार्जा आणि हॅमलच्या बदल्यात. रिझो स्वतः २०१२ च्या जानेवारीत कॅशनरला देऊन आणलेला. म्हणजे ज्या संघाच्या विक्रीचं आपल्याला एवढं दुःख झालं, तो संघच जुने खेळाडू विकून उभा राहिला होता.

अनघा_ओकपार्क

हेन्ड्रिक्सचं उदाहरण तू दिलंस ते तुझ्याच विरुद्ध जातं. तो आला तो नशिबाने. ठरवलेला खेळाडू वेगळाच होता. असल्या नशिबावर माणसांची आयुष्यं उचलून दुसऱ्या शहरात नेऊन ठेवायची?

आणि २०१२-१३ ला विकले ते डेम्पस्टर, फेल्डमन. त्यांनी शिकागोला काही जिंकून दिलं नव्हतं. रिझोने दिलं होतं. दोन्ही एका मापाने मोजू नकोस.

कौस्तुभ_अटलांटा

त्याच जुलैची दुसरी बाजू सांगायलाच हवी.

१० जुलै २०२१. आमचा रोनाल्ड अकुन्या गुडघा मोडून हंगामाबाहेर. संघातला सर्वांत चांगला खेळाडू गेला. ऑगस्ट उजाडेपर्यंत त्या वर्षी आमचे विजय पराभवांपेक्षा एकदाही जास्त झाले नव्हते. शिवाय फ्रेडी फ्रीमनचा करार हंगामाअखेर संपत होता, अगदी रिझोसारखाच. तोही पहिल्या बेसचा, तोही शहराचा लाडका. सगळी कारणं विकण्याच्या बाजूने होती.

आमच्या ब्रेव्ह्जने उलट खेळाडू विकत घेतले. अकुन्याच्या दुखापतीनंतर पाचच दिवसांत जॉक पीडरसन आला, तो तुमच्याच कब्सकडून. मग मुदतीच्या दिवशी सोलेअर, रोझारिओ, डुव्हॉल. चौघांसाठी मिळून आम्ही जे दिलं त्यातलं काही आज कोणाला आठवतही नाही. ८८ सामने जिंकून वर्ल्ड सिरीज! रोझारिओ नॅशनल लीगच्या (मोठ्या बेसबॉलमधल्या दोन लीगपैकी एक) अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू, सोलेअर वर्ल्ड सिरीजचा.

फ्रीमन नंतर डॉजर्सकडे गेला, दुःख झालं. पण चषक घेऊन गेला.

निखिल_सनीव्हेल

@कौस्तुभ, तुमचा गट त्या वर्षी दुबळा होता. पहिल्या क्रमांकावरचे मेट्स तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर होते. कब्सच्या पुढे ब्रुअर्स केव्हाच निघून गेले होते. दुसरं, तुमच्याकडे अकुन्या आणि अल्बीज आधीच लांबच्या करारात बांधलेले होते. फ्रीमन गेला तरी संघ उरणार होता. कब्सकडचे तिघेही एकदम जाणार होते. ब्रेव्ह्जने जुलैमध्ये हिंमत दाखवली कारण त्यांनी काम २०१९ मध्येच करून ठेवलं होतं.

कौस्तुभ_अटलांटा

हे अगदी खरं. अल्बीज सात वर्षांसाठी साडेतीन कोटी, अकुन्या आठ वर्षांसाठी दहा कोटी, दोन्ही २०१९ च्या वसंतात.

स्वाती_डेट्रॉइट

बदल्यात मिळणाऱ्या पोरांबद्दल फार आशेने बोललं जातंय म्हणून लिहिते.

३१ ऑगस्ट २०१७, मध्यरात्र व्हायला काही क्षण बाकी. जस्टिन व्हर्लँडर ह्यूस्टनला गेला. त्याच्याकडे नकाराधिकार होता, त्याने होकार दिला. आम्हाला तिघे मिळाले. त्यातला मुख्य होता फ्रँकलिन पेरेझ, तेव्हा एकोणीस वर्षांचा, सगळ्या याद्यांत नाव. दुखापतींनी त्याला मोठ्या लीगपर्यंत पोचूच दिलं नाही. डाझ कॅमेरॉन आला आणि गेला. जेक रॉजर्स कॅचर म्हणून टिकला, एवढंच.

व्हर्लँडर? त्याच ऑक्टोबरात अमेरिकन लीगच्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू आणि वर्ल्ड सिरीज. मग २०१९ आणि २०२२ ला साय यंग. आणि आम्ही २०१९ ला ११४ सामने हरलो. प्लेऑफ दिसलं ते २०२४ मध्ये, आणि ते दाखवलं तारिक स्कूबलने, जो कुठल्याही ट्रेडमधून आलेला नाही. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या फेरीत निवडला होता.

म्हणून माझं म्हणणं असं की विकून संघ उभा राहत नाही. संघ उभा राहतो खेळाडू ओळखणाऱ्या आणि घडवणाऱ्या माणसांमुळे. ती तुमच्याकडे असतील तर विका. नसतील तर दहा व्हर्लँडर विकून काही होणार नाही.

सुमेधा_के

स्वातीताई, +१०० या शेवटच्या परिच्छेदाला.

क्वीन्सचा_अभि

मेट्सवाल्यांच्या वतीने. मंदारने ब्रायंटच्या बदल्यात काय आलं ते लिहिलं, पण बाएझच्या बदल्यात काय आलं ते का नाही लिहिलं? पीट क्रो-आर्मस्ट्राँग! आमची २०२० ची पहिल्या फेरीची निवड. ट्रेड झाला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, मायनर लीगमध्ये अवघे सहा सामने खेळला होता आणि खांद्यावर शस्त्रक्रिया झाली होती. आम्ही त्याला दोन महिन्यांच्या बाएझसाठी दिला. बाएझ चांगला खेळला, तरी संघ ७७-८५ वर संपला. २०२५ मध्ये क्रो-आर्मस्ट्राँगने सेंटर फील्डला खेळून ३१ होम रन मारले, ३५ बेस चोरले, ऑल-स्टार झाला. कब्स ९२ सामने जिंकून प्लेऑफला गेले, सान डिएगोला हरवलं आणि ब्रुअर्सविरुद्ध पाचव्या सामन्यापर्यंत लढले. तो ट्रेड आठवला की अजून त्रास होतो.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळं. विकण्याचे दोन प्रकार आमच्याच संघाने केलेत.

पहिला, १५ जून १९७७. टॉम सीव्हर, १९६९ च्या विजेत्या संघाचा सर्वांत मोठा पिचर, पगाराच्या वादातून सिनसिनाटीला. चार खेळाडू आले. पैसे वाचले. वाचलेले पैसे संघावर कोणी खर्च केले नाहीत. १९७७, ७८, ७९, तिन्ही वर्षं गटात शेवटचे. आमचं शे स्टेडियम ओस पडलं. माझे शेजारी त्या काळचे आहेत, ते आजही त्या रात्रीचं नाव काढलं की गप्प होतात.

दुसरा, २०२३ चा उन्हाळा. शर्झर आणि व्हर्लँडर, दोघेही भरमसाट पगाराचे, चाळिशीच्या आसपासचे. संघ हरत होता. विकले. पण मालक स्टीव्ह कोहेनने त्यांच्या पगाराचा मोठा वाटा स्वतः भरला, म्हणून समोरच्यांनी चांगली पोरं दिली. आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतला नाही. २०२४ मध्ये ८९ विजय आणि थेट नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत.

दोन्ही वेळा जुनेच खेळाडू विकले. फरक वाचलेल्या पैशाचं काय केलं यात आहे.

अनघा_ओकपार्क

अभि, हेच मला पहिल्यापासून म्हणायचं होतं, तू जास्त चांगलं लिहिलंस. २०२१ नंतर कब्स २०२२ ला ७४ सामने जिंकले. मग २०२३ आणि २०२४ ला ८३, ८३. क्रो-आर्मस्ट्राँग तयार होईपर्यंतची ती वर्षं भरून काढायला पैसा होता. सुझुकी आणला, स्वान्सनला सात वर्षांचे १७.७ कोटी दिले, नाही असं नाही. पण शिकागोसारख्या शहराला चार वर्षं प्लेऑफविना ठेवायचं कारण नव्हतं.

विनायक_मेरीलँड

वॉशिंग्टनवरून दोन्ही बाजूंना पुरावे मिळतील. २०१९ ला आमची सुरुवात १९ विजय, ३१ पराभव. सगळे म्हणाले शर्झर विका, रेंडॉन विका. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझला काढा. कोणालाही हलवलं नाही. वर्ल्ड सिरीज जिंकलो, चारही सामने ह्यूस्टनच्या मैदानावर जिंकून.

२०२१ ला शर्झर आणि ट्रे टर्नर डॉजर्सना दिले, २०२२ ला हुआन सोटो सान डिएगोला. सोटोच्या बदल्यात आलेले एब्रम्स, गोर, वूड खरोखर चांगले निघाले. तरीही २०२५ मध्ये ९६ सामने हरलो. मालकांनी खर्च थांबवला तो थांबवलाच. तिघे चांगले मिळूनही पुरत नाहीत, मैदानात नऊ जण लागतात आणि पिचर वेगळे. २०१९ च्या शर्झरला मी आयुष्यभर विसरणार नाही. २०२२ नंतरचं एकही वर्ष मला वेगळं आठवत नाही.

मीनल_मिनिआपोलिस

तुम्ही सगळे जुन्या गोष्टी बोलताय, आमचं ताजं आहे. २०२५ च्या जुलैत आमच्या ट्विन्सनी कोरेया, डुरान, जॅक्स आणि आणखी कितीतरी जण दिले. कोरेया परत ह्यूस्टनला, आणि त्याच्या उरलेल्या पगाराचा काही भार ट्विन्सनीच उचलला, निव्वळ उरलेला पगार अंगावरून जावा म्हणून. अभि म्हणाला त्याच्या बरोबर उलट. कोहेनने पैसे भरले ते चांगली पोरं मिळावीत म्हणून. डुरान तर म्हातारा नव्हता की त्याचा करार संपत नव्हता. बायरन बक्स्टन राहिला, कारण त्याच्या करारात नकाराची अट आहे आणि तो इथेच राहायचं म्हणाला. ७० विजयांवर हंगाम संपला आणि शेवटी मॅनेजर बाल्डेलीलाच काढलं.

त्याच ऑगस्टमध्ये मालक घराण्याने संघ विकण्याचा विचार सोडल्याचं जाहीर केलं. आमच्या इथल्या चाहत्यांचं म्हणणं एकच होतं: जे विकायला हवं होतं ते विकलं नाही.

फिलीकाका

मीनल, डुरान आमच्याकडे आला आणि आमचा शेवटच्या इनिंगचा प्रश्न सुटला, त्यामुळे मी यावर न बोललेलंच बरं. पण तुमच्या दुखण्याशी पूर्ण सहानुभूती. उतरत्या वयाचा खेळाडू वेळेवर देणं आणि भरातल्या खेळाडूला पगार वाचवण्यासाठी देणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

प्रसाद_नाशिक

एवढं वाचून प्रश्न पडला. करार संपणारा खेळाडू विकला नाही आणि तो निघून गेला, तर काहीच मिळत नाही का?

मंदार_शिकागो

मिळतं. संघाने त्याला एका ठराविक रकमेचा एक वर्षाचा देकार द्यायचा. २०२१ ला ती १.८४ कोटी होती. त्याने तो नाकारून दुसरीकडे मोठा करार केला तर संघाला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड मिळते. पण हंगामाच्या मध्यात ट्रेड झालेल्या खेळाडूला असा देकार देता येत नाही. त्यामुळे विकत घेणारा संघ फक्त उरलेल्या दोन महिन्यांचेच पैसे मोजतो.

२०२२ च्या जुलैत कब्सने विल्सन कॉन्ट्रेरासच्या बाबतीत हाच मार्ग घेतला. सगळ्यांना वाटलं तो जाणार. डगआउटमध्ये तो आणि इयन हॅप एकमेकांना मिठी मारून रडले. मुदत टळली तरी दोघेही इथेच. हिवाळ्यात कॉन्ट्रेरास सेंट लुइसला गेला, म्हणजे हाडवैऱ्याकडे, आणि कब्सना त्या निवडीतून जॅक्सन विगिन्स नावाचा पिचर मिळाला. हॅपला मात्र वेळेत करार दिला आणि तो २०२५ मध्येही लेफ्ट फील्डला उभा होता.

आणि बुलपेनमधला (राखीव पिचरांतला) तो चेफिन आठवतो? २०२१ च्या विक्रीत सगळ्यात कमी गाजलेला सौदा त्याचा होता. ओकलंडने बदल्यात डाइकमन आणि डॅनियल पालेन्सिया दिले. तेव्हा कोणी पालेन्सियाचं नाव वाचलंही नसेल. २०२५ मध्ये सामने संपवायला तोच येत होता.

@स्वाती, तुमचा मुद्दा याच जागी सगळ्यात जास्त पटतो. बाएझच्या सौद्यात जखमी पोरगा मागायचा आणि चेफिनच्या सौद्यात पालेन्सिया मागायचा, हे कोणीतरी मायनर लीगची मैदानं पालथी घातल्याशिवाय सुचत नाही.

अनघा_ओकपार्क

हॅपचं नाव घेतलंस ते बरं केलंस. हॅपला जमलं, मग ब्रायंटला, बाएझला का नाही जमलं? त्यांच्याशी करार करायची वेळ होती २०१६ च्या हिवाळ्यात, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. निखिल म्हणतो तसा तिशीतला जुगार तेव्हा नव्हता. अटलांटाने अल्बीज आणि अकुन्याशी केलं तेच. कौस्तुभ आणि निखिल दोघांचं बोलणं इथे एकाच जागी येऊन मिळतं. जुलैमध्ये विकायचं की नाही हा प्रश्न संघापुढे येतो तोच मुळात पाच वर्षांपूर्वी काहीतरी करायचं राहिलेलं असतं म्हणून.

म्हणून आता माझं लक्ष एकाच गोष्टीकडे आहे. २०२५ चा हंगाम संपल्यावर काइल टकर फ्री एजंट झालाय, म्हणजे करार संपून कुठल्याही संघात जायला मोकळा. त्याच्या एका वर्षासाठी पारेडेस, वेस्नेस्की आणि कॅम स्मिथ दिले होते. तो राहील की जाईल, मला फारशी आशा नाही. पण क्रो-आर्मस्ट्राँग तेवीस वर्षांचा आहे. त्याच्याशी लांबचा करार या हिवाळ्यात करायचा, पुढच्या नाही, आणि २०२८ मध्ये तर नाहीच.

निखिल_सनीव्हेल

सेंटर फील्डर आहे, पायांवर खेळतो. दुसऱ्या अर्ध्यात त्याची बॅट थंडही पडली होती. तरी द्याल?

अनघा_ओकपार्क

हो. आठ वर्षांचा.

मंदार_शिकागो

मीही देईन. पण त्यासाठी पैसे कुठून येणार तेही बघायला हवं. स्वान्सनचा करार २०२९ पर्यंत आहे आणि सुझुकीचा २०२६ ला संपतो. २०२६ च्या जुलैत संघ मागे पडला तर सुझुकीबद्दल आपण हाच वाद घालणार आहोत. मी आत्ताच सांगून ठेवतो, पाच सामन्यांहून जास्त मागे असू तर सुझुकी द्यावा.

सुमेधा_के

सुझुकीला हात लावायचा नाही.